‘ती काय, घरीच असते’ म्हणणाऱ्यांपुढं कामाचा हिशोब कसा मांडावा?

गटाची ताई (वसमत):
बचत गटाच्या पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलावलंय. ‘आमची काय, घरीच असते’ हे सगळ्यांच्या तोंडी, बायकांच्यासुद्धा. फळ्यावर कामाचा आकडा मांडायचाय, पण कुणी हसण्यावारी नेऊ नये असा. वेळ कसा मोजायचा, दर कुठला लावायचा? गटात लहान लेकरांच्या आया जास्त आहेत.

कंधारकर:
‘दिवसभर काय करता’ असं विचारू नका. ‘काय नाही, सैपाकपाणी’ एवढंच उत्तर येतं. घड्याळ धरून विचारा. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 असे अर्ध्या तासाचे 48 रकाने असतात आणि एका रकान्यात तीन कामांपर्यंत नोंद होते. तोच तक्ता वहीत आखा.

दोन दिवस भरून घ्या, एक नळाचा आणि एक बिननळाचा. 200 लिटरचं पिंप 15 लिटरच्या घागरीनं भरायला तेरा-चौदा खेपा लागतात, त्यामुळं नळाचा दिवस फार मोठा दिसतो. आठवड्यानं पाणी येत असेल तर सरासरीत तो सातातला एकच धरा. नाहीतर पहिला आक्षेप तिथंच घेतला जातो.

भाकरीचं गणित फळ्यावर करून दाखवा. सहा माणसं, दोन वेळा, प्रत्येकी दोन म्हणजे 24 भाकरी, पीठ दोन किलोच्या आसपास. एका तव्यावर भाकरीमागं अडीच-तीन मिनिटं धरली तरी तास-सव्वा तास नुसत्या भाकरीला. ज्वारी निवडणं, दळण आणणं वेगळं. कालवणाला तर अजून हात लागलेला नाही.

लेकराचं अवघड असतं. त्याला मांडीवर घेऊन भाकरी थापली तर कामं दोन, तास एकच. दोन्हीचे तास बेरजेत घेतले की दिवस तीस तासांचा होतो आणि हिशोबच खोटा ठरतो. मुख्य काम एका रंगात, सोबतचं दुसऱ्या रंगात लिहा, बेरीज फक्त पहिल्याची. लेकरू झोपलेलं असताना बाई बसलेली दिसते, पण तिला वावरात जाता येत नाही की बाजारात. त्याला ‘अडकलेला वेळ’ असा तिसरा रकाना ठेवा. रात्रीची उठबस बहुतेकजणी सांगतच नाहीत, ती मुद्दाम विचारा.

हिशोबनीस:
दराबद्दल. ‘नोकरी केली असती तर किती मिळाले असते’ हा दर लावू नका. मग पदवीधर बाईची भाकरी महाग आणि न शिकलेलीची स्वस्त होते. तेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायला काय पडेल, हे बघा. गावात धुण्याभांड्याचा भाव ठरलेला नसेल तर रोजगार हमीची मजुरी घ्या, तिच्यावर कुणी वाद घालत नाही. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात ती दिवसाला 312 रुपये होती, आठ तासांनी भागली की तासाला 39.

आता 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ सरासरी 289 मिनिटं आहे, पुरुषांचा 88. 289 मिनिटांचे 39 च्या दरानं दिवसाला सुमारे 188 रुपये, 30 दिवसांचे साधारण 5,635. खाडा नाही, म्हणून तीसच धरायचे. याच सर्वेक्षणात सांभाळ-शुश्रूषेचा आकडा बायकांसाठी 137 मिनिटं आहे. तो 289 मध्ये सरळ मिळवू नका. दोन्ही सरासऱ्या त्या-त्या कामात असलेल्यांच्याच आहेत, माणसं तीच असतील असं नाही. तुमच्या वहीतलेच तास वापरलेले बरे.

कोर्टाचं कुणी काढलं तर माहीत असावं. सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं, 2021 मध्ये कीर्ती प्रकरणात गृहिणीचं मानीव उत्पन्न (हातात पगार नसला तरी कामाचं म्हणून धरलेलं) धरायलाच हवं हे पुन्हा सांगितलं. पण हे सगळं बाई गेल्यावरच्या नुकसानभरपाईचं.

वावरातली:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण नुसता आकडा बघून नवरे टाळ्या वाजवतील अन् घरी जातील. त्याच बैठकीत कागदाचं काढा. जमीन नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर असेल तर 1992 पासूनच्या लक्ष्मीमुक्ती योजनेत तो अर्ज करून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. अर्ज दिला म्हणजे झालं असं नाही, फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात यायला हवा.

दुसरं, तिच्या एकटीचं बँक खातं. सरकारची अटल पेन्शन योजना 18 ते 40 वयात घेता येते, पगार असायची अट नाही. तिसाव्या वर्षी सुरू केली तर साठीनंतर महिना 5,000 साठी 577 रुपये हप्ता. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. शिल्लक नसली की दंड, म्हणून पैसे कोण आणि कोणत्या तारखेला भरणार हे नवऱ्याकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही (अपघाताचा) त्याच खात्यावर होतो.

गटाची ताई (वसमत):
आमच्याकडं बहुतेकांची जमीन सासऱ्याच्या नावावर आहे. मग?

वावरातली:
मग लक्ष्मीमुक्ती नाही. खातेदार सासरा, नवऱ्याला अर्जच करता येत नाही. आधी वाटणी नाहीतर वारस नोंद. तोवर खातं, पेन्शन, विमा एवढं करून घ्या.

कंधारकर:
एक राहिलं. 2027 ची जनगणना येतेय. 2011 च्या व्याख्येत घरच्या वावरातलं बिनपगारी काम आणि घरी खायला असलं तरी दूध काढणं हे ‘काम’ होतं. सैपाक, धुणं, लेकरं नव्हती. म्हणजे म्हैस असलेली, खुरपायला-वेचायला जाणारी बाई ‘घरीच असते’ सांगून बिनकामाच्या यादीत जाते. प्रगणक दारात आला की उत्तर सासू किंवा नवरा देतो, म्हणून बैठकीत त्यांनाच सांगून ठेवा.