चुनखडीतलं तेल: आधी मॉडेल की आधी पाणी?

खडकवाचक
चुनखडीच्या तेलसाठ्यात पाणी सोडून उत्पादन वाढवायचं ठरलं की पहिली धाव हिस्ट्री मॅचिंगकडे, म्हणजे साठ्याचं संगणकीय मॉडेल आजवरच्या नोंदींशी जुळवण्याकडे. संगणकातला दाब आणि प्रत्यक्षातला दाब जुळत नाही? मग त्या विहिरीभोवती पर्मिएबिलिटी (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) पाचपट करा. आलेख जुळला की पुढच्या वीस वर्षांचा अंदाज तयार. माझा याला ठाम विरोध आहे. जुळवाजुळव केलेलं मॉडेल झालं-गेलं तेवढं सांगतं. पाणी सोडल्यावर काय होईल हे त्याला कळणार कुठून? तोवर त्या खडकात बाहेरचं पाणी शिरलेलंच नसतं.

चुनखडीत 20 टक्के सच्छिद्रतेच्या (आकारमानाच्या 20 टक्के छिद्रं असलेल्या) दोन तुकड्यांची पर्मिएबिलिटी हजारपटीने वेगळी असू शकते, कारण एकातली छिद्रं सुटी असतात, दुसऱ्यातली जोडलेली. शिवाय खडकात भेगाही असतात. वॉरन आणि रूट यांनी 1963 मध्ये मांडलेली दुहेरी सच्छिद्रतेची कल्पना आजही कामी येते: तेल साठतं मॅट्रिक्समध्ये, म्हणजे भेगांमधल्या अखंड खडकात, वाहतं भेगांतून. सोडलेलं पाणी भेगेतून थेट उत्पादन विहिरीत जातं. मॅट्रिक्सने ते शोषलं तरच आतलं तेल सुटतं.

शोषेल का, हे कोअरच्या प्लगवर, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या छोट्या तुकड्यावर, दिसतं. तेलाने भरलेला प्लग काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवायचा. पाणी ओढणारा खडक असेल तर पृष्ठभागावर तेलाचे थेंब फुटतात, वर सरकतात आणि खुणा केलेल्या नळीत जमतात. खडकाला तेलच चिकटून बसलेलं असेल तर आठवडे उलटले तरी नळी कोरी. आणि चुनखडी बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीचीच निघते. प्लग टोल्युइन या द्रावकाने धुऊन लगेच वापरला तर मात्र निकाल फसवा येतो. त्याला साठ्याच्या तापमानाला त्याच क्षेत्राच्या तेलात मुरवावं लागतं. ही तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा निर्णय घेऊ नये.

विहिरीवरचा
बोटभर प्लगवरून कित्येक किलोमीटरच्या साठ्याचा निर्णय? तुम्ही तपासत बसाल तोवर दाब बबल पॉइंटखाली (ज्या दाबाला तेलातला वायू सुटू लागतो) जाईल, वायू सुटेल, उरलेलं तेल आणखी घट्ट होईल. थांबण्याचीही किंमत मोजावी लागते.

उत्तर समुद्रातलं एकोफिस्क तेलक्षेत्र घ्या. चॉकचा (मऊ, बारीक कणांच्या चुनखडीचा) साठा, उत्पादन 1971 पासून. आधी एका भागात पाणी सोडून पाहिलं, मग 1987 पासून मोठ्या प्रमाणावर. सुरुवातीला साठ्यातलं 17 टक्क्यांच्या आसपास तेल निघेल असं वाटलं होतं, आता तो आकडा 50 च्या घरात आहे. समुद्रतळ खचत होता. पाण्याने दाब वाढला तरी खचणं चालूच राहिलं, कारण पाण्याने चॉक कमकुवत होतो. हे पाणी सोडल्यावरच नीट कळलं.

खडकवाचक
एकोफिस्क माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथला चॉक पाणी चांगलं शोषतो, हे प्रयोगशाळेत दिसलं होतं. शिवाय समुद्राच्या पाण्यातले सल्फेट आयन जास्त तापमानाला चॉकला चिकटलेलं तेल सोडवायला मदत करतात. नेहमीच्या सिम्युलेटरला (मॉडेल चालवणाऱ्या संगणकप्रणालीला) सगळं पाणी सारखंच. त्याच पद्धतीने, न तपासता, भेगाळलेल्या आणि तेल धरून ठेवणाऱ्या चुनखडीत पाणी ओतलं तर वॉटर कट (निघणाऱ्या द्रवातलं पाण्याचं प्रमाण) चढेल आणि तेल जागच्या जागी राहील.

संख्याप्रेमी
दोघंही एकाच मॉडेलवर भांडताय. शंभर मॉडेलं चालवा. इतिहासाशी जुळतील तेवढी ठेवा. बहुतेकांनी जिथे तेल उरलेलं दाखवलं, तिथे नवी विहीर घ्या. अनिश्चितता आपोआप समोर येते.

खडकवाचक
ती शंभर मॉडेलं एकाच भूवैज्ञानिक समजुतीतून निघाली असतील तर? एकातही भेगा नसतील तर शंभरही एकमताने चुकतील, आणि ते एकमत बघून लोक निर्धास्त होतील. मला याचीच भीती वाटते. भेगा असलेली, नसलेली, अर्धवट जोडलेली, अशा वेगवेगळ्या समजुती घेऊन चालवा, मग मी तुमच्यासोबत.

संख्याप्रेमी
मान्य. पण भेगांचा नकाशा कुठून आणणार? इमेज लॉग (विहिरीच्या आत उपकरण सोडून घेतलेलं भिंतीचं चित्र) भिंतीवरच्या भेगा दाखवतो, दोन विहिरींच्या मधलं काही सांगत नाही.

विहिरीवरचा
म्हणून तर म्हणतो, पाणी सोडा. लहान भागात, ट्रेसर (पाण्याचा माग काढणारा पदार्थ) घालून. ट्रेसर काही दिवसांत समोरच्या विहिरीत उगवला तर मध्ये भेग आहे हे तिथेच कळतं. पाणी सोडणाऱ्या विहिरीचं इंजेक्शन कमी करायचं की बंद, हे त्याच आठवड्यात ठरवावं लागतं. तुमचं मॉडेल तेव्हा तयार नसतं.