केजन फ्राईड कॉर्न घरी करताना दाणे तेलात फुटायलेत, काय चुकतंय?

राजारामपुरीकर_०७
मंडळी मदत पायजे. मागच्या आठवड्यात इथल्याच एका कॅफेत केजन फ्राईड कॉर्न खाल्लं, कणसाचे चार तुकडे आणि वरनं लालभडक मसाला, बिल बघून म्हटलं एवढ्यात पाटीभर कणसं येतील की, घरीच करू. कपिलतीर्थ मंडईतनं सहा स्वीट कॉर्न आणली, उकडली, तशीच गरम ताकात बुडवली, मैद्यात आपली घरची चटणी घातली (तिखट ते तिखट, त्यात काय) आणि कढईत सोडली. पहिलं मिनिटभर शांत, मग जे फटाफट सुरू झालं, एक दाणा थेट फ्रीजच्या दारावर जाऊन चिकटला आणि तेल मनगटावर. वरचं आवरण निम्मं सुटून तेलात काळं झालं, चटणी जळून असा ठसका उठला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आईनं कढई जप्त केली. नेमकं काय चुकलं?

रंकाळाकाठ
कणीस निखाऱ्यावर भाजायचं, लिंबाच्या फोडीला चटणी-मीठ लावून घासायचं, वरनं पाऊस. तळायचं कुठनं सुचतंय तुमाला?

झाऱ्यावाली_काकू
अरे बाळा, उकडलेलं ओलं कणीस तेलात सोडलंस हे वाचूनच अंगावर काटा आला. दाण्याची साल घट्ट असते, आतल्या पाण्याची वाफ झाली की तिला वाट मिळत नाही, मग ती साल फोडूनच बाहेर येते. स्वीट कॉर्न कोवळं असेल तर उकडायचं कशाला? दाण्यात नख रुतवून बघ, दुधासारखा चीक आला की कच्चंच तळ, तीन-चार मिनिटांत होतं. देशी मक्याचं जरा जून कणीस असेल तर उकड, पण मग निथळून, सुती फडक्यानं पुसून अर्धा तास पंख्याखाली ठेव, दाण्यांच्या ओळींमधलं पाणी नुसत्या फडक्यानं निघत नाही. तुकडे दोन-दोन इंचांचे कर, सुरी मधल्या दांड्यात अडकली की तिच्या पाठीवर वरवंट्यानं एक ठोका दे. कढईत एका वेळी तीनच, झाऱ्यानं सोडायचे. वर जाळी ठेव, ताट झाकू नकोस, ताटाला धरलेलं पाणी परत तेलातच ठिबकतं आणि परत उडतं. एवढं करूनही एखादा दाणा फुटतोच, म्हणून जरा लांबच उभा राहा. मनगटाला काही लावलंस का?

मिसिसिपीकाठचा_पैलवान
नोकरीपायी दोन वर्षं अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला होतो म्हणून मसाल्याचं सांगतो. केजन म्हणजे नुसतं जाळ असा आपल्याकडं समज झालाय. ही मूळची फ्रेंच माणसं, कॅनडाच्या पूर्वेला अकेडिया म्हणून भाग होता तिथं राहणारी, १७५५ पासनं इंग्रजांनी त्यांना तिथनं हाकललं आणि त्यातले बरेच पुढं लुइझियानात येऊन वसले, अकेडियनचं बोलता बोलता केजन झालं. त्यांचा मसाला कोरडा असतो, पॅप्रिका, केयेन मिरची, लसूण पावडर, कांदा पावडर, काळी मिरी, पांढरी मिरी, थाइम, ओरेगॅनो, मीठ. आपल्या चटणीत खोबरं, तीळ, धणे, लवंग, दालचिनी, वर ओला लसूण, चव चांगलीच पण ती वेगळी आणि तेलात ती जळणारच.
इथं करायचं तर पॅप्रिकाला ब्याडगी २ चमचे, केयेनला लवंगी अर्धा चमचा, लसूण आणि कांदा पावडर एक-एक चमचा, मिरी अर्धा. ओरेगॅनो पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतलं चालतंय. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून, दोन्हीत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं म्हणून वास जवळचा येतो, चिमूट म्हणजे चिमूटच हां, नाहीतर भजी लागतील. आणि हा मसाला तळायच्या आधी नाही, तळून झाल्यावर पातळ केलेल्या बटरमधे कालवून गरम कणसावर लावायचा. आवरण पायजेच असेल तर आधी कोरडा मैदा, मग दही, मग मैदा आणि मक्याचा रवा निम्मे-निम्मे. त्यांचं बटरमिल्क दाट असतं, आपलं पाणीदार ताक घेतलंस म्हणून सगळं घसरलं.

राजारामपुरीकर_०७
काकू, मनगट बरं आहे, लगेच नळाखाली धरलं होतं. काल कढई परत मिळाली, आई दारात उभी राहणार या अटीवर. कच्चेच तुकडे, पुसून, आवरण न करता तळले, दोनच दाणे उडाले. बटर-मसाला लावल्यावर कॅफेपेक्षा भारी, ओव्याचा वास येतोय पण कळत नाही कशाचा ते. आईनं तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाली तिखट कुठाय यात, मग स्वतःच वरनं चटणी भुरभुरली.

रंकाळाकाठ
तुमच्या आईंना म्हणावं चटणी भुरभुरलीत ते बरोबर केलंत. उरलेत का?