जुन्या व परदेशी नाण्यांची खरी किंमत कशी शोधावी?

नारायणपेठकर:
आजोबांच्या पेटीत राणीछाप आणि पंचम जॉर्ज यांचे काही रुपये, एक भोकाचा पैसा, इंग्लंडचे शिलिंग व अमेरिकेचे डाइम निघाले आहेत. रविवार पेठेतील सराफ चांदीच्या वजनाने भाव सांगतात, तर मोबाइलवरील चित्रफितींत अशाच नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे छातीठोकपणे सांगितले जाते. नेमका विश्वास कशावर ठेवावा?

बंदा रुपया:
सराफाचा भाव ही आपली तळाची किंमत समजावी. 1939 पर्यंतच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात 91.7 टक्के चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असे. 1940 पासून ती निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. याहून अधिक जे मिळते, ते वर्ष, टांकसाळ आणि नाण्याची अवस्था यांमुळे. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाशी बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. 1911 चा रुपया निघाल्यास जपून ठेवावा, कारण राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसल्याने ओरड झाली, बरीच नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली. आणि कृपया, चिंच किंवा पितांबरी लावून काहीही घासू नये. चकाकी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत जाते.

शिवराई:
शिलिंगवरील साल पाहावे. 1920 पूर्वी 92.5 टक्के, 1920 ते 1946 निम्मी चांदी, 1947 पासून चांदीच नाही. डाइम 1964 पर्यंतचे असल्यास 90 टक्के चांदीचे असते. न्यूमिस्टा या संकेतस्थळावर नाणे ओळखता येते. मात्र किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा नव्हे, तर लिलावात प्रत्यक्ष विक्री झालेला आकडा पाहावा. जुन्या बाजारात ऐकलेल्या आकड्यांनाही हाच नियम लागू आहे.

बंदा रुपया:
चित्रफितींतील खरेदीदार आधी नोंदणी शुल्क मागतात, तो फसवणुकीचा प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या अशा व्यवहारांबद्दल जाहीर इशारा दिला होता. रामदरबाराचे ‘1818’ चे ईस्ट इंडिया कंपनीचे नाणे म्हणून जे विकतात, ते कंपनीने कधी पाडलेच नव्हते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, तेव्हा ती परदेशी ग्राहकाला पाठवू नयेत.

नारायणपेठकर:
आभारी आहे. भोकाच्या पैशाचे काय?

शिवराई:
तो 1943 ते 1947 दरम्यान प्रचंड संख्येने पाडला गेला. नातवंडांना दाखवण्यासाठी ठेवावा.