जुन्या टोपोशीटवरचं कृष्णेचं पात्र दीडशे मीटर सरकलेलं दिसतंय, ट्रान्सफॉर्मेशन कुठलं लावायचं?

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार मंडळी. हरिपूरच्या वारणा संगमापासनं वर सांगलीपर्यंत कृष्णेचं जुनं पात्र टोपोशीटवरनं (सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा) डिजिटाइझ केलंय आणि आत्ताच्या काठाचे जीपीएस पॉइंट घेतलेत, दोन्ही क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक टाकून काठ कुठं तुटलाय ते बघायचंय. शीट ४७ एल मधली, पन्नास हजाराची. जिओरेफरन्स करताना (स्कॅन केलेली शीट जागेवर बसवताना) शीटवर छापलेले अक्षांश-रेखांश टाकले, सीआरएस (कोऑर्डिनेटची पद्धत) ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश दिला, मग लाइन ३२६४३ (यूटीएम झोन ४३, मीटरमध्ये) च्या लेयरमध्ये काढल्या. आता जुना काठ सगळीकडं खाली उजवीकडं जातोय. नदी सरकली म्हणावं तर आयर्विन पूल पण तेवढाच सरकलेला दिसतोय, आणि तो १९२९ पासनं जागेवर आहे! लेयर हातानं ओढून पुलावर बसवू का? पूररेषेच्या कामाला वापरायचंय म्हणून अंदाजपंचे नकोय.

सातारकर_नकाशे
ओढू नका दादा. सगळीकडं एकाच दिशेला सारखंच अंतर सरकलं असेल तर तो डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या मापावरनं मोजलेत त्याचा फरक. कडेला वाढत जात असता तर जिओरेफरन्सिंगचे पॉइंट बघा म्हणालो असतो, आणि किलोमीटरात असता तर झोन चुकला म्हणायचं. शीटच्या समासात काय छापलंय, एव्हरेस्ट (जुनं भारतीय माप) की डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचं)? २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीजच्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत, जुन्या सगळ्या एव्हरेस्टवर.

कृष्णाकाठ_सांगली
बघितलं, जुनीच आहे, पॉलिकॉनिक (जुनं प्रोजेक्शन) लिहिलंय, डब्ल्यूजीएसचं नाव कुठंच नाही.

सातारकर_नकाशे
मग झालं की. तुमचे आकडे बरोबर आहेत, त्यावर पाटी चुकीची लागलीय. ते अक्षांश-रेखांश कल्याणपूर १९७५ (एव्हरेस्टवरचा भारतीय डेटम) चे म्हणजे ईपीएसजी कोड ४१४६ चे. आपल्या भागात तिथनं डब्ल्यूजीएस ८४ ला जाताना साधारण ११५-१२० मीटर उत्तरेला आणि ८५-९० मीटर पश्चिमेला जावं लागतं, ते केलं नाही म्हणून तुमचं सगळं आग्नेयेला पडतंय.

रास्टरला (शीटच्या स्कॅनला) नुसतं लेयर सीआरएस बदलून ४१४६ द्या, परत जिओरेफरन्स करायची गरज नाही. लाइनचं मात्र जपून, कारण त्या चुकीच्या पाटीवरनं यूटीएममध्ये गेल्यात. आधी रिप्रोजेक्ट लेयरनं ३२६४३ वरनं ४३२६ ला परत आणा, म्हणजे शीटवरचे मूळ आकडे मिळतील, मग असाइन प्रोजेक्शननं ४१४६ द्या (इथं आकडा एकपण बदलत नाही), आणि मग परत रिप्रोजेक्ट करून ३२६४३. ह्या शेवटच्या वेळी ॲडव्हान्स्डमध्ये कोऑर्डिनेट ऑपरेशन विचारतंय ते उघडून बघा, एक्स २९५, वाय ७३६, झेड २५७ मीटरवालं निवडा. बॉलपार्क लिहिलेलं निवडलं तर डेटमचा फरक धरतच नाही, जिथल्या तिथंच राहणार.

आणि एक, प्रोजेक्टमध्ये आधी कधी बॉलपार्क ओके करून गेला असाल तर ते लक्षात ठेवून बसतं. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या ट्रान्सफॉर्मेशन्स टॅबमधनं ती ओळ काढून टाका. आर्कजीआयएसवाल्यांना तिथं कल्याणपूर १९७५ टू डब्ल्यूजीएस १९८४ अशा नावानं मिळेल, उलट दिशेला जाताना तेच वापरायचं, चिन्हं ते स्वतःच फिरवतं.

मिरजकर७४
वरचं सगळं बरोबर पण एक गोष्ट राहिली. ते एक्स-वाय-झेडचे तीन आकडे अख्ख्या भारताला आणि नेपाळला मिळून एकच आहेत, त्यामुळं लावल्यावरही वीसेक मीटर इकडं तिकडं राहू शकतं. कृष्णेचा काठ वीस मीटर तुटला का नाही हेच बघायचं असेल तर एवढ्यावर भागणार नाही. ट्रान्सफॉर्मेशन झाल्यावर पुलाची दोन्ही टोकं, जुनं देऊळ, न हललेला घाट असे पॉइंट घेऊन उरलेला फरक मोजा, तो सगळीकडं सारखा निघाला तर तेवढा लेयर सरकवायला माझी हरकत नाही. रस्त्याचे चौक घेऊ नका, रुंदीकरणात गेलेले असतात.

सातारकर_नकाशे
मान्य, पण आधी ट्रान्सफॉर्मेशन आणि मगच सरकवणं, आणि किती कुठं सरकवलं ते मेटाडेटात लिहायचं. पुढच्या माणसाला कळायला नको का? शीट पण चार कोपऱ्यांवर बसवली असेल तर मधल्या अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांच्या रेघांचे छेद घ्या, पन्नास हजाराच्या शीटवर असे सोळा मिळतात.

कृष्णाकाठ_सांगली
झालं! पूल पुलावर आला, थोडा फरक आहे पण मिरजकर म्हणतात त्याच्या आतच. संगमाजवळ जुना काठ आत्ताच्या काठाला जवळपास लागून जातोय, आधी तिथं नदी शेतातनं जात होती. हेच ऑपरेशन गाव नकाशाला चालेल का?

मिरजकर७४
नाही, गाव नकाशाला डेटमच नसतो. तिथं शिवेचे दगड, तिठे, विहिरी जीपीएसनं घेऊन त्यावरच बसवायला लागतं.