ओपन स्पेसमध्ये 6 बाकडी बसवायचीत: ग्रॅनाइट, लोखंडी की सिमेंटची?

जुळे_सोलापूर_64:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत 64 घरं आहेत. मधल्या ओपन स्पेसला नुकतंच कंपाउंड झालं. पश्चिमेच्या कडेला 3 मोठे कडुनिंब आहेत, बाकी मोकळं. वर्गणीतून 6 बाकडी घ्यायची ठरलीत. एका दुकानदारानं काळ्या पॉलिश ग्रॅनाइटची दाखवली, दिसायला झकास आहेत. दुसरा म्हणतो, लोखंडी घ्या, पाठीवर देणगीदाराचं नाव कापून देतो. मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला, तोसुद्धा रंगावरून आणि नावावरून. माझे वडील 78 वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी ते आणि त्यांचे चार-पाच मित्र तिथं जमतात, सध्या घरून प्लास्टिकच्या खुर्च्या नेतात. काय घ्यावं आणि कुठं बसवावं?

गवंडीकाका:
मालक, रंग आणि नाव बाजूला ठेवा, आधी वडिलांना विचारा की ते उठतात कसे. मी 26 वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली शेवटची 9 वर्षं बागांची. बाकड्यावर बसायला कुणालाही जमतं, म्हातारं माणूस अडतं ते उठताना. आत्ता खुर्चीत बसला असाल तर उठून बघा. आधी टाचा मागं जातात, मग अंग पुढं झुकतं, मग माणूस उभा राहतो. खालून जमिनीपर्यंत सिमेंटनं बंद केलेलं पेटीसारखं बाकडं असलं तर टाचा मागं जायला जागाच नसते. मग ते बिचारे शेजारच्याचा हात धरतात, नाहीतर कुणी येईपर्यंत बसून राहतात. म्हणून बाकड्याखाली मोकळं पाहिजे. बैठक जमिनीपासून 17 ते 18 इंच, खोली 16 ते 17 इंच. खोली जास्त झाली की पाठ टेकत नाही किंवा पाय लोंबकळतात. दोन्ही टोकांना हात टेकायला दांडी हवीच, बैठकीपासून 8-9 इंच वर, आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेली. मागंच संपणारी दांडी उठताना कामाला येत नाही.

आता ग्रॅनाइट. एका बागेत ठेकेदारानं आणलेली काळ्या ग्रॅनाइटची 8 बाकडी माझ्याच हातानं बसवलीत. मे महिन्यात संध्याकाळी 5 ला तिथं राहिलेलं काम करत होतो. एक आजी आल्या, बसल्या आणि तशाच उठल्या. पदराची चौपदरी घडी करून खाली घातली, परत बसल्या, परत उठल्या. शेवटी कडुनिंबाखाली मातीत बसल्या. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो. काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीनंतरही सोडत राहतो. मी तेव्हा बोललो नाही, मला सांगितलं तसं बसवून दिलं. ते अजून मनात सलतं, म्हणून इथं एवढं लिहितोय. लोखंडी पत्रा तर त्याहून लवकर चटका देतो, फक्त निवतो लवकर. लोखंडाचा सांगाडा आणि त्यावर सागवानी पट्ट्या, हे आपल्या हवेला सगळ्यात बरं. दोन पट्ट्यांत बोटाएवढी फट ठेवा म्हणजे पाणी थांबत नाही. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी जवसाचं तेल पाजा. पट्ट्या चोरीला जातील ही भीती असते, तर बोल्टचं गोल डोकं वर आणि खाली नट आवळून त्याला वेल्डिंगचा टाका. बजेट कमी असेल तर सिमेंटचं चालेल, पण रंग पांढुरका आणि जागा सावलीची.

तुमचे कडुनिंब पश्चिमेला आहेत हे फार चांगलं. दुपारनंतर त्यांची सावली आत, मैदानाकडं पडते. मे महिन्यात एक दिवस 4 वाजता आणि परत 6 वाजता जा, सावली पडलेल्या जागेवर फक्कीनं रेघ मारा. 4 बाकडी त्या पट्ट्यात. अगदी खोडाला चिकटून नको, लिंबोळ्यांचा चिकटा आणि पाखरांची घाण कपड्यांवर येते, शिवाय पायाच्या खड्ड्यात मुळ्या तुटतात. उरलेली 2 मोकळ्यावर ठेवा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, सकाळी 8 ला हीच मंडळी ऊन शोधत फिरतात.

सुनंदा_होटगी_रोड:
काकांच्या दांडीच्या मुद्द्याला माझा जोर. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत. आमच्या जवळच्या बागेत 11 बाकडी आहेत, एकालाही दांडी नाही. त्या फाटकाजवळच्या एकाच बाकड्यावर बसतात, कारण शेजारी दिव्याचा खांब आहे. तो धरून उठतात. ते बाकडं भरलेलं दिसलं की आम्ही न बसता परत येतो.

आणखी दोन गोष्टी. सगळी बाकडी एका रांगेत लावू नका, ओळीत बसलं की बोलताना मान वळवून दुखते. दोन बाकडी काटकोनात ठेवा, मग चौघीजणी समोरासमोर बोलू शकतात. आणि कोपऱ्यात एक बाकडं असं बसवा, की शेजारी व्हीलचेअर मावेल एवढी, साधारण 3 फूट बाय 4 फूट, पक्की सपाट जागा मोकळी राहील. व्हीलचेअरवरचं माणूस नेहमी रस्त्यात अडथळा झाल्यासारखं उभं राहतं, त्यालाही गप्पांत जागा हवी. दिवा कुठं आहे तेही बघा. अंधारातल्या बाकड्यावर आम्ही बायका 7 नंतर बसत नाही.

जुळे_सोलापूर_64:
काल वडिलांना उठताना नीट पाहिलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊनच उठतात, इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. दांडी आणि सागवानी पट्ट्या मीटिंगमध्ये पास झाल्या. नाव पाठीवर न कापता छोट्या पाटीवर, हेही मान्य झालं. एकच अडचण, आमची जमीन काळी आहे. शेजारच्या सोसायटीत बाकडी एका पावसाळ्यात कलली.

गवंडीकाका:
काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसता काँक्रीटचा ठोकळा ठेवला की तो तिच्याबरोबर हलणारच. प्रत्येक पायाखाली दीड फूट तरी खणा आणि ती माती परत त्या खड्ड्यात टाकू नका. मुरूम लागला तर उत्तम. नाही लागला तर बाहेरून आणून 6-6 इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमसाचा मार. वर 1:2:4 चं काँक्रीट, म्हणजे 1 भाग सिमेंट, 2 भाग वाळू, 4 भाग खडी, त्यात बोल्ट आधीच सोडायचे. फळीला बाकड्याच्या मापाची भोकं पाडून बोल्ट त्यात अडकवा, नाहीतर ओतताना हलतात आणि नंतर सांगाडा बसत नाही. 7 दिवस पाणी मारा, तोवर कुणाला बसू देऊ नका, दोरी बांधा. भोवतीची जमीन बाकड्यापासून बाहेर उताराची ठेवा, पाणी पायाशी साचलं की केलेलं सगळं वाया.

खड्डे कधी घेताय ते कळवा. रविवार असला तर मी टेप आणि लेव्हल घेऊन येतो. पहिलं बाकडं वडिलांना बसवून, त्यांच्या गुडघ्याच्या मापानं पक्कं करू.