नवोदित गणित-विज्ञान शिक्षकांना वर्गात कोडिंग वापरायला कसे तयार करावे?

प्रश्न : विभागप्रमुख, इंदूर

नमस्कार. इंदूरमधील एका खासगी शाळेत गणित व विज्ञान विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. यंदा नुकतेच बी.एड. झालेले काही शिक्षक रुजू झाले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे आणि सीबीएसईनेही सहावी ते आठवीसाठी तो कौशल्यविषय उपलब्ध करून दिला आहे, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या विषयात तंत्रज्ञान आणावे असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. हे शिक्षक विषयात पक्के आहेत, परंतु मुलांना आपल्यापेक्षा अधिक येते या धास्तीने ते संगणक कक्षात जाण्याचे टाळतात. बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकांनी स्क्रॅच या, सूचनांचे ठोकळे जोडून कोडिंग करण्याच्या प्रणालीतले मांजर सर्वांकडून नाचवून घेतले, पण वर्गात त्यातले काहीच उतरले नाही. कक्षात एका संगणकावर तीन मुले बसतात. अशा स्थितीत सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : माध्यमिक गणित शिक्षक

ताई, मांजर नाचवल्यावर पुढे काय करायचे हे त्या शिक्षकांना कोणी सांगितलेच नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मते कोडिंग वेगळे शिकवायला न लावता, जो धडा ते येत्या आठवड्यात शिकवणारच आहेत त्यातील एखादी नेहमी अडणारी जागा निवडावी आणि तेवढ्यापुरताच संगणक वापरावा.

बहुभुजाकृतींचा धडा घ्या. स्क्रॅचमध्ये ‘१०० पावले चाल, ६० अंश वळ’ हे तीनदा करायला सांगितले की त्रिकोण होईल, असे जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ असते. पडद्यावर मात्र अर्धा षट्कोन उमटतो. मांजर आतल्या कोनातून वळत नसून बाह्यकोनातून वळते आणि तो १२० अंशांचा आहे, हे मुले त्यानंतर स्वतःच शोधतात. फळ्यावर ३६० भागिले बाजूंची संख्या हे सूत्र लिहून इतके साधत नाही. पुढे सप्तकोन सांगावा. वळण्याचा कोन ५१ अंश घेतला तर सात वळणांत ३५७ अंशच होतात, आकृती नीट मिटत नाही आणि भागाकार अपूर्णांकात ठेवण्याची गरज मुलांना आपसूक कळते.

शिक्षकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : स्क्रॅच ३ मध्ये मांजराच्या मागे रेघ काढणारे पेन आपोआप दिसत नाही, डाव्या कोपऱ्यातील खालच्या बटणावरून ते जोडावे लागते. एवढ्याशा गोष्टीवर अडून नवा शिक्षक तासभर घामाघूम होतो आणि पुन्हा त्या कक्षाकडे फिरकत नाही.

उत्तर २ : प्राथमिक विभाग, शिक्षिका

वरील मताशी मी सहमत आहे, पण सुरुवात संगणकाविना करावी असे मला वाटते. आपल्या इंदुरात ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक असा सहा प्रकारांत कचरा वेगळा करण्याची सवय मुलांना घरूनच असते. समोरची वस्तू कोणत्या डब्यात जाईल हे केवळ हो किंवा नाही अशा उत्तरांच्या प्रश्नांनी ठरवणारी आकृती वहीत काढायला सांगा. वापरलेला डायपर, मोबाइलची बॅटरी किंवा तेलकट कागद आला की मुले भांडू लागतात, आणि प्रश्नांचा क्रम बदलला तर उत्तर का बदलते हा विचार तिथेच सुरू होतो. यात नव्या शिक्षकाला कळफलकाची भीती नसते आणि वर्गावरची पकडही सुटत नाही.

एका संगणकावर तीन मुले ही मला अडचण वाटत नाही. एकाने कळफलक चालवावा, दुसऱ्याने सांगावे, तिसऱ्याने चालवण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहावे आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत. तिसऱ्याचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून ते नेहमी एकाच मुलाकडे जाऊ देऊ नये.

उत्तर ३ : निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक

कोडिंग म्हणजे ठोकळे जोडणेच, असे का मानावे? दोलकाचा प्रयोग करून मोजमापे स्प्रेडशीटमध्ये भरली तरी पुष्कळ साधते. एक मीटर दोरीचा आवर्तकाल, म्हणजे एक पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, सुमारे दोन सेकंद येतो. दोरी २५ सेंटिमीटर केली की तो पाव होईल असे मुले सांगतात, तो मात्र अर्धाच होतो. आवर्तकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढला की सरळ रेषा मिळते, आणि एका खान्यातील सूत्र खाली ओढत नेणे हाही कोडिंगचाच पहिला पाठ आहे.

शाळेने मायक्रोबिट हा कोडिंग शिकण्याचा छोटा संगणक घेतला असेल तर त्याचे तापमान खोलीतील तापमापकाशी ताडून पाहायला सांगावे. ते बहुधा अधिक येते, कारण त्यातील संवेदक प्रोसेसरचे तापमान मोजतो. हे नव्या शिक्षकाला आधीच ठाऊक असेल तर तो गडबडणार नाही, उलट उपकरणातील त्रुटी हा विषय त्याला आयताच मिळेल.

विभागप्रमुख, इंदूर

आपणा सर्वांचे आभार. बहुभुजांचा धडा पुढील महिन्यात आहेच, तेव्हा तोच घेऊ. आधी शिक्षकांनी तो आपसात विद्यार्थी होऊन करावा असे ठरवते. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने मात्र आपल्या विषयात यातले काहीच बसत नाही असे सांगितले. तिला काय सुचवावे?

उत्तर ३ : निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक

त्यांच्यावर कोडिंगची सक्ती करू नका. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या मोफत संचात रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचे सिम्युलेशन आहे, त्यात अणू मोजताही येतात आणि ते उतरवून घेतल्यास इंटरनेटविना चालते. मुलांनी प्रथम कागदावर समीकरण सोडवावे आणि मगच पडद्यावर पडताळावे, एवढा नियम त्यांनी पाळला तरी या वर्षाला ते पुरेसे आहे.