शब्दचर्चा: लाळ-खुरकुताची ‘जात’, ‘प्रकार’ की ‘वाण’?

दारव्हेकर: ग्रामपंचायतीच्या फळ्यासाठी गुरांच्या लाळ-खुरकूत रोगाच्या लसीकरणाची सूचना लिहितोय. हाताशी असलेल्या माहितीपत्रकात ‘सीरोटाइप’, ‘व्हेरियंट’, ‘स्ट्रेन’ असे तीन शब्द आहेत. मी तिन्हीकडं ‘जात’ लिहिलं, तर शेजारचे काका म्हणाले, “जात बैलाले असते, रोगाले कायची जात?” वरून गावात एकच प्रश्न: “मांगच्या खेपेले टोचलं व्हतं, मंग लस उतरली का?” मराठीत काय लिहावं?

मूर्तिजापूरकर: भाऊ, तिन्हींना एकच शब्द दिला तर लस कशी बनते तेच कळणार नाही. या विषाणूचे सात सीरोटाइप आहेत: ओ, ए, सी, एशिया-1 आणि मूळ आफ्रिकेतले सॅट-1, 2, 3. ओ होऊन बऱ्या झालेल्या गाईला ए पुन्हा होऊ शकतो, ओची प्रतिकारशक्ती तिथं कामी येत नाही. यांना ‘प्रकार’ म्हणा. आपल्याकडच्या लशीत ओ, ए आणि एशिया-1 असतात. आधी सीसुद्धा होता. 1995 नंतर तो भारतात आढळला नाही, म्हणून वगळला.

पण एकाच प्रकाराच्या आतही विषाणू बदलत राहतो. त्याची आरएनएची संहिता जेमतेम आठ-साडेआठ हजार अक्षरांची, आणि नक्कल उतरवताना चुका तपासणारं त्याच्याकडं काही नाही. बहुतेक चुका वाया जातात. एखादी नेमकी कवचावर पडते आणि लशीमुळं तयार झालेल्या प्रतिपिंडांची तिथली पकड ढिली होते. असे बदललेले ते ‘व्हेरियंट’, त्यांना ‘उपप्रकार’ म्हणा.

‘स्ट्रेन’ला मात्र, तो लशीतला असेल तर, मी ‘वाण’ म्हणेन. शेतात रग्गड झाडं असली तरी बियाण्याला आपण निवडूनच ठेवतो, तसा हा निवडून जोपासलेला विषाणू. आपल्याकडं ओचा वाण 1975 सालचा, तो कित्येक दशकं चालला. एचा जुना वाण मात्र बाहेर फिरणाऱ्या विषाणूशी जुळेनासा झाला, तेव्हा 2000 सालचा घ्यावा लागला.

आर्वीकर: फळ्यावर ‘वाण’ लिहाल तर लोक विचारतील कोणत्या कंपनीचा! आमच्याकडं वाण म्हणजे कपाशीचं पाकीट. बरं, दर सहा महिन्यांनी टोचतात ते विषाणू बदलतो म्हणूनच ना?

मूर्तिजापूरकर: नाही ताई, इथंच सगळ्यांची गल्लत होते. ही मारलेल्या विषाणूची लस, तिची प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते. विषाणू अजिबात बदलला नसता तरी सहा महिन्यांचा फेरा चुकला नसता. विषाणू बदलल्यानं बदलावं लागतं ते बाटलीच्या आतलं. त्यासाठी साथ आली की जनावराच्या जिभेवरच्या फुटलेल्या फोडाची साल नमुना म्हणून घेतात. त्यातून वेगळा केलेला विषाणू आणि लस दिलेल्या जनावराचं रक्तजल (सीरम) एकत्र आणून बघतात, रक्तजल त्याला अडवतं का. हे काम भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेत चालतं. याला ‘जुळणी’ हा शब्द मला चपखल वाटतो.

म्हणजे ‘लस उतरली’ वेगळं आणि ‘लस जुळली नाही’ वेगळं. तिसरं म्हणजे ‘लस बिघडली’. ही लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते, आणि आपल्याकडं मे महिन्यात बर्फाचा डबा मोटरसायकलला बांधून तिसऱ्या गावाला पोचेस्तोवर आत नुसतं पाणी! गावातल्या तक्रारींत मला हे तिसरंच जास्त दिसतं, पण खापर फुटतं ‘नव्या व्हायरस’वर.

दारव्हेकर: मग गुरांच्या लम्पी त्वचारोगात शेळीची लस गाईला कशी चालली?

मूर्तिजापूरकर: लम्पीचा विषाणू डीएनएचा, देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला. संहिता दीड लाख अक्षरांची, पण बदल सावकाश. शेळ्यांच्या देवीच्या विषाणूशी त्याचं इतकं साम्य, की 2022 च्या साथीत तीच लस गाईंना टोचली. लाळ-खुरकुतात मात्र एकाच विषाणूचे ओ आणि ए एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. म्हणून लम्पीच्या सूचनेत ‘प्रकार’ लिहायची गरज पडली नाही, इथं पडते.

आर्वीकर: फळ्यावर ‘वाण’ नको, ‘जुळणी’ही नको. तो आपल्या बोलण्यातला भाग.

दारव्हेकर: असं लिहिलं: “लाळ-खुरकूत लस, तीन प्रकारांसाठी. चार महिन्यांवरची वासरंही आणा. पहिल्यांदा टोचलेल्यांना महिन्यानं पुन्हा, मग दर सहा महिन्यांनी. कानात बिल्ला नसेल तर आधी सांगा.” आणि ‘लसीचा’ की ‘लशीचा’?

आर्वीकर: दोन्ही चालतात. मी ‘लशीचा’ लिहिते. ‘लसीकरण’चं मात्र ‘लशीकरण’ करू नका.